घोडा पाळायचा की घोड्यावर बसायचं?

आत्याच्या शेतावर दोन घोडे आहेत, आणि दादाच्या मते ते दोन जास्त आहेत.

शेत दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला. आत्याचं सासर म्हणजे बंगळुरूतलं जुनं मराठा घर. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं सांगणारी घरं या शहरात पुष्कळ आहेत. हे त्यांतलंच एक, आणि त्याची खातरजमा करण्याच्या भानगडीत मी कधी पडलेलो नाही. घरात मराठी बोलतात, चिडले की कानडीत जातात. शेतात नाचणी, थोडी 'बेंगळुरू ब्लू' द्राक्षं, चार गायी आणि तबेला. काका सैन्याच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते. तिथे जनावरांचा नाद लागला, तो निवृत्तीनंतर शेतावर आला आणि काका गेल्यावर आत्याकडे राहिला. एक घोडी आहे, कुमाईत रंगाची, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली. दुसरं भीमथडीचं तट्टू, बारामतीकडून आणलेलं, कान टवकारलेलं आणि स्वभावाने बिलंदर.

दादा बँकेत, हिशेब तपासणी विभागात. राहतो व्हाइटफील्डला. खंडेनवमीला आत्या घोड्यांची पूजा करते, त्याला तो न चुकता येतो आणि न चुकता वाद घालतो. यंदाचा वाद इतर वेळेपेक्षा लांबला. मी मध्ये फारसं बोललो नाही, पुरणपोळी होती.

दादा: पूजा झाली, आता हिशेब करू. आत्या, या दोघांनी वर्षभरात तुला काय मिळवून दिलं?

आत्या: तुझ्या गाडीने तुला काय मिळवून दिलं?

दादा: गाडी मला ऑफिसला नेते.

आत्या: नेते की सिल्क बोर्डाच्या चौकात उभी करून ठेवते?

दादा: उभी राहिली तर निदान काही खात नाही. घोडा कामाला लाव नाहीतर उभा ठेव, खातोच.

आत्या: खातो ना. साडेचारशे किलोची घोडी आहे, दिवसाला आठ-नऊ किलो वाळला चारा लागतो. वर चंदी. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तुला आकडे हवे होते, घे.

दादा: चाऱ्याचं काय एवढं? बांधाला नेपियर माजलंय डोक्याएवढं. टाक कापून.

आत्या: नेपियर गायीला. घोड्याला रोज नुसतं तेच घातलं तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतून ओढून घेतं. तोंडाची हाडं सुजून येतात. गाय चार कप्प्यांच्या पोटात काहीही रिचवते, घोड्याचं पोट एवढंसं. दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं, अशी त्याची घडण. त्याला दोन वेळा पाट मांडून वाढलं की पोटशूळ ठरलेला. आणि घोड्याला उलटी होत नाही, हे ठाऊक आहे का तुला? पोटात गेलं ते मागच्याच वाटेनं बाहेर यायचं.

हे सांगताना आत्या अगदी रंगात येते. घोडा पोटाकडे वळून बघायला लागला, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, लोळण घ्यायला लागला की डॉक्टरला फोन, आणि डॉक्टर येईपर्यंत चाऱ्याची काडी द्यायची नाही, हा तिचा पाठ आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. अडचण अशी की या भागात गायीचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर मिळतो, घोड्याचा जाणकार डॉक्टर बंगळुरूहून यावा लागतो. नालबंदाचंही तेच. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून नाल बदलावे लागतात. तो एकदा आला की त्याच्या दिवसाला शेतावर सणाचा मान असतो.

दादा: म्हणजे तूच माझी बाजू मांडतेस. खर्च, काळजी, डॉक्टर लांब. आणि बदल्यात काय? सकाळचा एक तास.

आत्या: त्या तासाबद्दल तू बोलूच नकोस, तू कधी बसलायस?

दादा: माथेरानला बसलोय.

आत्या: तो घोडा त्याच्या मालकाच्या मागे चालत होता. तू सामान होतास.

इथे दादाही हसला. मग आत्याने जे सांगितलं ते एरवी ती सांगत नाही, कारण तिला ते बोलून दाखवणं थोडं मिरवल्यासारखं वाटतं.

आत्या: पहाटे निघते. बंगळुरूची हवा हे घोड्याचं नशीब. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहोत, मे महिना सोडला तर पहाट गारच. तळ्याच्या बांधावरून पलीकडच्या निलगिरीच्या झाडांपर्यंत चाल, तिथून दुडकी. दुडकीत घोड्याचे तिरके दोन-दोन पाय एकदम पडतात, त्या ठेक्यावर आपण उठायचं-बसायचं. ठेका चुकला की पाठीला धक्का, तिच्याही आणि माझ्याही. अंगावर माशी बसली तरी घोडी नेमकी तेवढीच कातडी थरथरवते. म्हणजे मी श्वास रोखला, मांडी आवळली, पलीकडच्या ट्रॅक्टरकडे बघून मनात दचकले, तरी ते तिला माझ्या आधी कळतं. वर बसून मला खोटं वागता येत नाही. घरात येतं, बँकेत तर तुला रोज यावंच लागत असेल. तिथे नाही. निलगिरीपासून परत फिरलो की तिला घर दिसतं, आणि मग ती पळायला मागते. तेव्हा तिला हो म्हणायचं की नाही, हे माझ्या कमरेवर असतं, हातावर नाही. ज्या दिवशी ते जमतं त्या दिवशी मी अडुसष्ट वर्षांची नसते.

दादा: मान्य. तुझा आनंद खरा. पण तो तुझा. घोडीला काय मिळतं?

आत्या: घोडीला विचारलंस तर म्हणेल, चंदी ठेव आणि जा.

दादा: बघ!

आत्या: बघ काय? मी कधी म्हटलं की तिला मला पाठीवर घेऊन फिरायची हौस आहे? तिचं नाही म्हणणं मला ओळखता आलं पाहिजे, माझ्या हातात तेवढंच आहे. तंग आवळताना कान मागे टाकले, शेपटी आपटली, तर कुठेतरी दुखतंय. खोगीर उतरवते आणि पाठीवरून हात फिरवते. स्वाराचं आणि खोगिराचं मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत ठेवावं म्हणतात. म्हणून तुला तट्टावर बसू देत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून कारण सांगितलं नव्हतं.

दादा: वजनाचा विषय राहू दे. ही घोडी आली कुठून ते बोल. शर्यतीचं घोडं दोन वर्षांचं झालं की पळायला लावतात, हाडं पुरती पक्की व्हायच्या आत. कमावणं थांबलं की विकायला काढतात. जगतं पंचवीस-तीस वर्षं. उरलेल्या वर्षांचं काय? बंगळुरूच्या मधोमध एवढं मोठं रेसकोर्स, इकडे सत्तर किलोमीटरवर कुणिगलला टिपूच्या काळापासूनची घोड्यांची पैदास. जन्माला घालायची सोय चोख आहे, म्हातारपणाची कुणी केली? तू एक आणलीस, त्याने तुला पुण्य लागलं. पण 'रेसकोर्सचा घोडा स्वस्तात मिळतो' ही जी हवा आहे ना, तीही तुझ्यासारख्यांमुळेच पसरते.

या मुद्द्यावर मी दादाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. 2020 मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली 79-अ आणि 79-ब ही कलमं काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता यायला लागली. तेव्हापासून देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, कनकपुरा रस्ता इथे संगणकवाल्यांच्या फार्महाऊसांची रांग लागली आहे. आधी कुंपण, मग आंबा, मग लॅब्रेडॉर, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला घोडा. आत्याच्या शेजारच्या मळ्यात असा एक होता. एकटाच बांधलेला असायचा आणि दिवसभर दाराची फळी कुरतडायचा.

आत्या: स्वस्त घोडा सगळ्यांत महाग, हे मी येईल त्याला सांगते. शर्यतीच्या घोड्याला नुसतं चालायला शिकवावं लागतं. लगाम ताणला की आपण समजतो, थांबेल. तो उलटा लगामावर भार टाकतो आणि आणखी जोरात सुटतो, कारण त्याला तेच शिकवलेलं असतं. नवशिक्याच्या हाती असा घोडा म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ. हिला मी कितीतरी दिवस नुसती दोरी धरून बांधावरून हिंडवत होते. गावातली पोरं हसायची, अज्जी घोड्याला फिरवते की घोडा अज्जीला?

दादा: आणि जिवाचं म्हणशील तर, शहाजीराजे कसे गेले? सगळं आयुष्य घोड्यावर काढलेला माणूस. 1664 साली होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांना जमलं नाही ते तुला या वयात जमणार?

आत्या: त्यांच्याकडे हेल्मेट नव्हतं. हसू नकोस, माझ्याकडे आहे, आणि त्याच्याशिवाय या फाटकाच्या आत कुणी रिकिबीत पाय घालत नाही. पायात टाचेचा बूट, म्हणजे पडताना पाय रिकिबीत अडकून फरपट होत नाही. घोड्याच्या मागून जायचं नाही, जावंच लागलं तर अंगावर हात ठेवून, बोलत बोलत. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. एवढं पाळूनही माणूस पडतो. मीही पडले आहे. तुला कळवलं नव्हतं.

दादा: कधी?

आत्या: पोळी घे.

मग बोलणं तट्टाकडे वळलं. ते एवढा वेळ दादाच्या खिशाला नाक लावून उभं होतं. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे काटक, बुटकं जनावर. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवर दौडल्या त्यांत यांचा वाटा मोठा. आज ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाडाचं ओझं वाहताना दिसतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं, याचा आत्याला घरच्या मुलाला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला होता.

आत्या: देशात घोडे किती उरले ठाऊक आहे? 2019 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सुमारे 3 लाख 40 हजार. त्याआधीच्या, 2012 च्या गणनेपेक्षा 45 टक्क्यांनी कमी. सात वर्षांत जवळजवळ निम्मे. टांगे गेले, ओझी टेम्पोने उचलली. ज्या जनावराला काम नाही ते उरत नाही. माझ्यासारखी हौशी माणसंच उद्या ही जात सांभाळणार.

दादा: काम गेलं ते बरंच झालं म्हणायचं. मुंबईत व्हिक्टोरिया बग्ग्यांचं काय होतं? डांबरावर नाल ठोकून उभे, प्यायला पाणी नाही, रात्रभर जोडप्यांना मरीन ड्राइव्हवर फिरवायचं. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली ती उगीच नाही. आणि लग्नातला घोडा बघ. कानाशी डीजे, पाठीवर घामाघूम नवरदेव, समोर नाचणारे काका-मामा.

आत्या: त्यात आपलं एकमत आहे. वरातीसाठी माझ्याकडे तिघं-चौघं येऊन गेले, एक तर नात्यातला होता. नाही म्हटलं. अजून बोलत नाही. पण काम म्हणजे छळच, असं नाही रे. अंकलीचे घोडे बघ. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी आळंदीला चालत जातात, तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर. एकावर झेंडा घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. लाखभर माणसांच्या मधून, टाळ-मृदंगाच्या गजरात ते रिंगणात धावतात. सवय, चांगला सांभाळ आणि ओळखीची माणसं असली तर घोडा एवढंही निभावतो.

दादाला रिंगण आवडतं. अश्व गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, तशी त्यानेही एकदा लावली होती आणि घरी येऊन हिशेबाच्या वहीला बोट पुसलं होतं. तेव्हा तो थोडा मऊ झाला, पण हिशेब तपासनीस मऊ झाला तरी मुद्दा सोडत नाही. त्याचा खरा मुद्दा पुढे होता.

दादा: बरं, घोड्यावर बसणं चांगलं. मग विकत कशाला घ्यायचा? बंगळुरूसारखी सोय देशात किती शहरांत आहे? इथून बेट्टहलसूरची एम्बसी रायडिंग स्कूल लांब नाही. घोडेस्वार फुआद मिर्झा तिथेच तयार झाला ना? जकार्ताच्या आशियाई खेळांत 2018 मध्ये वैयक्तिक रौप्य आणि सांघिकही, मग टोकियो ऑलिंपिकमध्ये तेविसावा. असे शिक्षक, अशी मैदानं. तासाचे पैसे द्यावे, शिकावं, घरी यावं. घोड्याला चांगला डॉक्टर, चार सोबती, ठरलेली कामाची वेळ. तुझ्या तबेल्यात त्याला याहून जास्त काय मिळतं?

आत्या: घोड्याला? खरं सांगायचं तर फार नाही. चांगली शाळा असेल तर तिथेही तो सुखात असतो.

दादा: मग?

आत्या: मग मला मिळतं. आणि ते बसण्यात नाही. बसणं दिवसाला एक तास, तेही रोज नाही. उरलेले तेवीस तास तो माझ्या दारात असतो. खरारा करताना कुठल्या बाजूला तो मान खाली सोडतो, कुठला मागचा पाय टेकवून विसावतो, आज लीद सैल का, पाणी कमी का प्यायला. खूर खरवडताना तो आपणहून पाय उचलून हातात देतो. जनावराचं सगळं बळ पळण्यात, आणि तोच पाय तो माझ्या ओंजळीत ठेवतो. हे तासाच्या पैशांत मिळत नाही. रात्री दोघांतला एक आडवा पडून झोपतो, दुसरा उभा राहून राखण करतो. उभ्याने घोडा डुलकी घेतो, पण गाढ झोपेला त्याला आडवं व्हावं लागतं, आणि भीती वाटत असेल तर तो आडवा होत नाही. एकटा ठेवलेला घोडा कित्येक दिवस धड झोपत नाही. तट्टू मी तेवढ्यासाठी आणलं. पहाटे घोडीच्या अंगाच्या एका बाजूला गवताच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या की मला कळतं, हिला रात्री इथे भीती वाटली नाही. त्या दिवशी मी खोगीर घातलं नाही तरी मला चालतं.

दादा: (थोडं थांबून) घोडी किती वर्षांची?

आत्या: तेरा.

दादा: म्हणजे अजून बारा-पंधरा वर्षं सहज. तू अडुसष्ट.

आत्या: बेरीज येते मला.

दादा: मग शेवट कोण बघणार? एवढं प्रेम सांगितलंस, ते ऐकायला बरं वाटलं. पण तुझ्यामागे ती पुन्हा बाजारातच जाणार असेल, तर रेसकोर्सने केलं तेच तू केलंस. फक्त उशिरा.

हे दादा जरा कठोर बोलला. पण घोडा पाळणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि तो त्याने तोंडावर विचारला, म्हणून मला त्याचा आदर वाटला.

आत्या: केलंय त्याचं. पैसे वेगळे काढून ठेवलेत, मोतद्दाराला राहती खोली आणि पगार त्यातून. तबेला आणि चराऊ तुकडा विकायचा नाही, दोघं असेपर्यंत. म्हातारपणी पायच गेले तर डॉक्टरच्या हातून शांतपणे, ओढूनताणून जगवायचं नाही. कागद वकिलाकडे आहे. देखरेखीला तुझं नाव घातलंय.

दादा: माझं? मला न विचारता?

आत्या: आता विचारतेय ना. घोड्यावर प्रेम करणारी माणसं मला पुष्कळ मिळाली असती. दर महिन्याला चाऱ्याची पावती तपासणारा तूच.

दादाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याने खर्चाची वही मागितली. ती घेऊन तो ओट्यावर बसला आणि नालबंदाच्या नोंदीत दोन महिने सलग तारीख नाही, हे त्याने पाच मिनिटांत शोधून काढलं. आत्या म्हणाली, पावसामुळे आला नव्हता. दादा म्हणाला, मग तसं लिहायचं.

मला या दोघांत कुणी एक जिंकलं असं वाटत नाही, पण मी निवाडा टाळणार नाही. घोडा पाळण्यातला आनंद आत्या सांगते तसाच आहे, आणि त्याची किंमत दादा सांगतो तशी. या शहराभोवती नवं शेत घेतलेल्या आणि तबेल्याचं चित्र मनात रंगवणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं एवढंच: आधी वर्षभर एखाद्या चांगल्या रायडिंग स्कूलमध्ये जा, आणि तिथे नुसतं बसू नका, लीद काढा, खरारा करा, पोटशूळ झालेल्या घोड्याबरोबर एक रात्र जागा. त्यानंतरही ओढ टिकली, दोन घोड्यांची ऐपत असली, जवळपास डॉक्टर आणि नालबंद नक्की झाला आणि म्हातारपणाचा कागद तयार झाला, तर जरूर घ्या, आणि जमलं तर भीमथडीचा घ्या. यातलं एक जरी अडत असेल तर तासाचे पैसे भरून दुसऱ्याच्या घोड्यावर बसा.